सुनीचा व्हिसा आणि आमची गल्ली

आमच्या घरात व्हिसाची फाइल एकच, पण तिच्यापायी किस्से इतके झाले की फाइलच बारीक वाटायला लागली. वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला आमच्याकडं येणारा प्रत्येक जण चहा संपायच्या आत म्हणतो, "आजी, तो पोलिसवाला किस्सा सांगा ना!" मी काय रेडिओ आहे? तरी सांगते.

माझा नातू राहुल. त्याची बायको सुनी, थायलंडची. वर्ध्यात हिंदी शिकायला आली, शिकली वऱ्हाडी, आणि इथंच लग्न केलं. यशू त्यांची लेक. बाळंतपणानंतर सुनी तापानं अंथरुणाला खिळली आणि तेवढ्यात तिच्या व्हिसाची मुदत संपली. लक्षात आलं तेव्हा यशू रांगायला लागली होती! आता सुनीला देशाबाहेर काढलं तर लेकराचं काय, हा घोर.

"मुदत काऊन नाई वाढवली बे?" मी राहुलला विचारलं.

"आजी, मले वाटलं लग्न झालं म्हणजे व्हिसा आपोआप होते."

याच्या मते भांडीसुद्धा आपोआपच घासली जातात!

*

एक एजंट गाठला. म्हणाला, "बाईला परत पाठवा, नवीन व्हिसावर येईल. लेकरू राहू द्या इथंच."

"अन् आईचं दूध काय कुरिअरनं येईन?"

"आजी, तुमचं शिक्षण किती?"

"चौथी. पण नियम सगळा वाचला मी मोबाइलवर. भारतीयाशी लग्न झालेल्या बाईला उशिराचं कारण देऊन, दंड भरून, इथूनच अर्ज करता येते. मंजूर करणं सरकारच्या हाती. तू वाचला का?"

"मी... ग्रॅज्युएट आहे."

"मी शिक्षण नाई विचारलं!"

*

मग यशूचा प्रश्न निघाला. जन्माच्या वेळी आईचा व्हिसा चालू होता का? नसला तर लेकरू भारतीय धरत नाहीत. तारखा काढल्या. डॉक्टरांनी दिलेली तारीख मुदतीनंतरची होती, पण पोरगी आठ दिवस आधीच आली. म्हणजे पक्की भारतीय!

बापाला आजवर ऑफिसात वेळेवर पोचता आलं नाही, आणि पोरगी बघा!

*

उशिराच्या कारणाचं पत्र राहुलनं चार पानी लिहिलं. मी फाडलं आणि एका ओळीत नवीन लिहिलं: बाळंतपण, ताप आणि नवऱ्याचा आळस.

पोलीस ऑफिसातल्या साहेबानं ते वाचलं. "पहिल्या दोन कारणांचे डॉक्टरचे कागद आहेत. तिसऱ्याचा पुरावा?"

मी राहुलला पुढं ढकललं. "हा घ्या!"

*

आता तो पोलिसवाला. सुनी खरंच इथं राहते का, हे बघायला शिपाई आला. तो होय लिहून नेईल तरच फाइल पुढं सरकणार. गल्लीला वाटलं, धरायलाच आला!

"इथं परदेशी बाई राहते?"

समोरची शांताबाई म्हणाली, "परदेशी? आमच्या गल्लीत? छे!" दुकानदार म्हणाला, "कधी पाह्यलीच नाई." कोपऱ्यावरच्या गुरुजींनी तर शपथ घेतली. आम्ही तिघी तेव्हा लसीकरणाला गेलतो. शिपायानं लिहून नेलं: सदर महिला पत्त्यावर राहत नाही.

मी गल्लीत उभी राहून ओरडले, "अरे, तुमच्या मायेनं पोरीले हाकलून लावलं!"

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली साहेबापुढं हजर. शांताबाई हात जोडून म्हणाली, "साहेब, परदेशी म्हणाले म्हणून आम्ही नाई म्हटलं. सुनी म्हणाले असते तर घरी नेऊन बसवलं असतं!"

*

शेवटी साहेबाला एकच शंका राहिली. लग्न खरं की कागदापुरतं? दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. मी यशूला कडेवर घेऊन बाहेर.

सुनीला विचारलं, "नवऱ्याशी शेवटचं भांडण कशावरून झालं?"

"आजचं सांगू का कालचं?" म्हणून तिनं जी सुरुवात केली, ती अर्धा तास! ओला टॉवेल पलंगावर, यशूचं औषध विसरला, सासरच्या लग्नात साडीला चांगलं म्हटलं नाही... सगळं अस्सल वऱ्हाडीत. बाहेर मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

मग साहेब राहुलकडं गेला. तोच प्रश्न.

राहुल छाती काढून म्हणाला, "भांडण? साहेब, आमचं आजवर एकदाबी भांडण नाई झालं!"

साहेबानं पेन उघडलं, शिफारशीवर सही केली, शिक्का मारला आणि राहुलच्या खांद्यावर हात ठेवला.

"बायको इथंच राहीन तुझी. तू मात्र आज जरा उशिरा घरी जाजो."