शेवटच्या रांगेतला हात

नगरच्या आमच्या जुन्या नाट्यगृहाच्या भिंतींवर जाड मखमली पडदे सोडायची सूचना माझी होती, आणि ती मूर्खपणाची होती. आवाज फार घुमतो, एवढंच मला कळलं होतं. घुमतो म्हणूनच तो मागपर्यंत पोचतो, हे नूतनीकरणाच्या बैठकीत कुणाला सुचलं असतंही. पण मी बोलायचा थांबलोच नाही.

या पत्र्याच्या छपराखाली मी काय काय ऐकलंय! वग ऐकले, संगीत नाटकं ऐकली, चकाकत्या कोटातले ऑर्केस्ट्रावाले ऐकले. पुढं माणसं येईनात, तेव्हा साड्यांचे सेल लागले, लग्नं लागली. मधे काही वर्षं तर निव्वळ कबुतरं. आता तिथं पुन्हा पहिलं गाणं व्हायचं होतं, आमच्या गाण्याच्या बाईंचं. सत्तरी ओलांडलेल्या बाईंची अट एकच. "माइक नको. तरुणपणी याच स्टेजवर तशीच गायलेय. एकदा बघू दे जमतंय का. नाही जमलं, तर पेटी बंद."

त्यांची पद्धत जुनी होती. धाकटी बहीण शेवटच्या रांगेत बसायची आणि आवाज पोचला की हात वर करायची. ही बहीणही कोल्हारहून मुद्दाम आली होती.

दुपारी तालमीत बाईंनी सूर लावला. हात वर होईना. पुन्हा लावला, जरा चढा. हात मांडीवरच. बाई पेटीकडे बघत पुटपुटल्या, "वय झालं."

"वय नाही हो बाई, पडदे!" मी ओरडलो. माझा आवाज बरा पोचला.

मग जो सुटलो! शिडी आणली, पडदे उतरवले, त्यातला एक डोक्यावर घेऊन खाली आलो. गालिचा गुंडाळला. जोशात खिडक्याही उघडल्या, तर एसटीचे हॉर्न आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा डीजे आत घुसला. परत लावल्या.

संध्याकाळी बाई गायला बसल्या. मला कुठलं बसवतंय! मधल्या रांगेत उभा राहून ऐकलं, आणखी मागं सरकलो, तिथंही चैन पडेना. शेवटी त्या बहिणीच्या पुढ्यातच जाऊन खांबासारखा उभा राहिलो. सूर वर गेला, पत्र्याला लागला आणि तिथून अलगद आमच्यावर उतरला. मी वळून पाहिलं. बाईंना माझ्या खांद्यावरून दिसावा इतका उंच, हात वर होता. स्टेजवर बाई क्षणभर थांबल्या, हसल्या आणि पुढची तान घेतली.

गाणं संपल्यावर मी विचारलं, "मावशी, आलं ना ऐकू?"

"आलं की, लई ग्वाड आलं," त्या पदर सावरत म्हणाल्या. "पर आक्का काय दिसली न्हाई. इतक्या लांबून आले अन् सारा येळ तुमची पाठ बघत बसले."