अक्काला दिलेला धीर

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि बायकोपासून काही लपवायचं म्हणजे काय असतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तुम्ही घरातले नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलता येतंय.

क्रांती चौकाजवळ माझं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. बोलायला मी वाघ. कुणाच्याही भांडणात पुढं. पण एक खोड आहे — आपला जीव दुसऱ्याच्या हाती दिलेला मला सोसत नाही. बसमध्ये मला झोप लागत नाही. का, तर ड्रायव्हरवर कुणीतरी लक्ष ठेवायला पाहिजे ना? हसा खुशाल.

तर — धाकटा भाऊ संतोष, त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. किडनी जुळत होती दोघांची, माझी आणि मोठ्या बहिणीची. अक्का खुलताबादजवळच्या गावात दिलेली, शेतीचा सगळा भार तिच्यावर. तेव्हा मीच छाती पुढं केली. अक्का कशाला, मी आहे ना? सगळ्यांच्या देखत म्हणालो.

कापाकापीची भीती नव्हती मला. भुलीची होती. आपण निपचित पडणार — आणि जाग आलीच नाही तर? भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी ते ओळखलं. खुर्ची ओढून बसल्या, घाई केली नाही. म्हणाल्या, औषध देऊन मी निघून जात नाही, शेवटपर्यंत तुमच्या उशाशी असते. श्वास, ठोके, सगळं सारखं बघत. उठायची वेळ झाली की मीच हाक मारते. मला सगळं पटलं. पटलं, तरी भीती गेली नाही. हे कसं, ते अजून कळलेलं नाही.

मग किडनीच्या डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. ही त्यांची रीतच — देणाऱ्याला एकांतात विचारायचं. मनातून नको असेल तर आत्ताच सांगा, घरी आम्ही एवढंच सांगू की तुमची किडनी घेता येत नाही. कारण सांगणार नाही. बाहेर बाकावर संतोष सुजलेले पाय घेऊन बसला होता. आणि मी — मी ‘नको’ म्हणून मान हलवली.

डॉक्टरांनी शब्द पाळला. कारण माझं मीच रचलं. हृदयात खोट निघाली म्हणून सांगितलं. संतोष स्वतःचं दुखणं विसरून माझी समजूत घालत बसला. लाज वाटली, पण लाजेपेक्षा सुटल्याचा आनंद मोठा होता. अक्कानं स्वतःच्या तपासण्या सुरू केल्या.

ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवरून तिनं माझा हात धरला. “भूल देत्यात म्हंजी थोडा वेळ मरतंच का रं माणूस? मला लई भ्या वाटायलंय.”

आणि मी काय केलं? डॉक्टरबाईंचे शब्द काढले, माझेच असल्यासारखे. “नाय गं अक्का. त्या उशालाच असत्यात, हाक मारूनच उठवत्यात. मी तर जाणारच होतो की.” तिचा हात सैल पडला. भ्यालो मी, आणि आत गेली ती. शुद्धीवर येताना तिला खरंच कुणीतरी नावानं हाक मारली होती. बाईंचा शब्द न शब्द खरा होता.

दोघंही बरी झाली. संतोष कामाला जातो. मग झालं तर, असं म्हणाल? मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगत आलो.

पण अक्कानं माझ्या हृदयासाठी मारुतीला नवस बोललाय. दर शनिवारी निर्जळी उपवास, पाण्याचा थेंबही नाही. एकच किडनी आहे, पाणी भरपूर प्या, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. संतोष चिडतो तिच्यावर. ती म्हणते, “त्याचं काळीज धड व्हईस्तोवर सोडायची नाय मी.” परवा तिच्या तपासणीत काहीतरी वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कमी पिता का? अक्का गप्प राहिली. मीही गप्प राहिलो.

आज शुक्रवार. मघाशी तिचा फोन आला होता, माझ्या तब्येतीची चौकशी करायला. बरा आहे म्हणालो. उद्या ती पाणी पिणार नाही.