पाच सह्यांचा निर्दोष मिस्त्री

हसायचं असन तर आत्ताच हसून घ्या. मंग मधात कोणी दात काढले, तर कप इथंच ठेवून उठून जाईन, सांगून ठेवतो. कारण मी असा गाढवपणा करून बसलो का अख्ख्या मोताळ्यात कोण्या मिस्त्रीनं केला नसन. आन राग काढू कोणावर? तेच तर कळून नाही राह्यलं!

मी गवंडी. लोकं मले मिस्त्रीच म्हणतात, खरं नाव आता घरच्याइलेही आठवत नाही. सव्वीस वर्षं झाली विटा लावून राह्यलो. माझ्या भिंतीले ओळंबा लावून पाहा, सूतभर इकडचं तिकडं नाही. सगळं गाव जाणते का या माणसाले दोन गोष्टी जमत नाहीत. एक, वाकडी भिंत बांधणं. दुसरी, 'माझं चुकलं' म्हणणं.

तर झालं असं, का गुरुजीच्या घरावर वरचा मजला चढवायचा होता. रिटायर मास्तर हो, पुण्याले पोराकडं चार महिने राहून आलेले. तिथून काय शिकून आले? तर म्हणे, "मिस्त्री, काम तुलेच देतो, पण आधी विमा काढ. काम चालू असताना शेजाऱ्यापाजाऱ्याचं काही फुटलं-तुटलं, तर कंपनी भरून देते."

डोकंच सणकलं माझं! "काऊन गुरुजी? माझ्या हातून आजवर काय फुटलं?"

"फुटलं नाही तवरच काढ."

काढला बाप्पा! बुलढाण्याहून एजंट आला, गजू नावाचा. अर्धा घंटा समजावून सांगत होता, "पाहा मिस्त्री, तुमच्या चुकीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर..." मी म्हटलं, "हाव हाव, समजलं, सही कुठं करू ते सांग." खरं सांगू? 'तुमच्या चुकीनं' एवढं ऐकलं आन माझे कान बंद झाले. पुढचं एक अक्षर आत गेलं असन तर शपथ!

गुरुजीच्या भिंतीले लागूनच नलूकाकूचं टिनाचं शेड. त्यात तिची शेवयाची मशीन, लाइटवर चालणारी. होळी झाली का मृगापर्यंत बायाइची रांग लागते तिथं, पिठाचे डबे घेऊन. काकूचं वर्षाचं घर त्या तीन महिन्यांवर चालते. बाकी नऊ महिने मशीनवर चादर टाकलेली.

भर चैतातली दुपार होती. मी परांची बांधून राह्यलो होतो, चार उभ्या लाकडी बल्ल्यांची. तीन बल्ल्या भिंतीले आवळून झाल्या. चौथीसाठी नवा निळा दोर हातात घेतला, आन खालून गुरुजी म्हणतात, "मिस्त्री, ती जिन्याची खिडकी थोडी तिरपी वाटते का रे?"

तिरपी? माझी खिडकी?

दोर तसाच गुंडाळलेला फळीवर टाकला. तणतणत खाली उतरलो. गुरुजीले हाताले धरून खिडकीपुढं उभं केलं, ओळंबा लावला, काटकोनाचा गुण्या लावला. "दाखवा तिरपी! दाखवा ना आता!" सरळ होती हो खिडकी. एकदम सरळ.

आन तेवढ्यात वावधन सुटलं. डोळे उघडता येईनात एवढी धूळ! ती न बांधलेली बल्ली हलली, तिच्यामागं फळ्या, फळ्यांवरच्या विटा, सगळं धडाधड नलूकाकूच्या टिनावर! टिन खाली, मशीन टिनाखाली. काकू दारात कोणाचा तरी डबा उतरवून घेऊन राह्यली होती म्हणून वाचली.

काकू मशीनपाशी जाऊन बसली. चेपलेल्या टिनावर हात ठेवून म्हणे, "मिस्त्री, आता या बायाइले काय सांगू? आत्ता कुठं सीझन भरात आला होता."

 दोर बांधला नाही, हे फक्त मलेच माहीत होतं ना! पण तोंडातून काय निघालं? "काकू, घोर करू नका. विमा हाय. कंपनीकडून नवी कोरी मशीन आणून देतो तुमाले!"

तिसऱ्या दिवशी अकोल्याहून कंपनीचा सर्व्हेअर साहेब आला. चष्मेवाला, गरीब चेहऱ्याचा. फोटो काढले, बल्ल्या मोजल्या, आन मले म्हणतो, "चौथ्या बल्लीचा दोर कुठेच दिसत नाही. बांधायचा राहिला होता का? चूक नेमकी कोणाची झाली?"

आता माझा हिशोब पाहा. माझा साळा मागं दारू पिऊन मोटरसायकलवरून पडला, तर कंपनीनं त्याले एक पैसा देल्ला नाही. म्हणे, तुमचीच चूक. मंग इथंही चूक कबूल केली का मशीन गेली! आन वरून हा कोणाले इचारून राह्यला? मले! चूक!

"ओ साहेब, सव्वीस वर्षं झाली मले! गावात कोणालेही इचारा!"

"रागावू नका हो. मला फक्त लिहायचं आहे. शांतपणे आठवा. घाईगडबडीत दोर राहून गेला असेल, माणूस आहे, होतं..."

तो बिचारा मले वाट दाखवून राह्यला होता. आन मले वाटे, हा मले फसवून राह्यला!

"लिहा! वावधनानं पडलं! मिस्त्रीची काहीच चूक नाही! मोठ्या अक्षरात लिहा! आन थांबा इथंच, साक्षीदार आणतो!"

चौकातून चहावाल्याले ओढत आणलं. त्या दिवशी रांगेत असलेल्या दोन बाया आणल्या. गुरुजी आढेवेढे घेऊन राह्यले होते, "अरे, मी तर खिडकी पाहत होतो, मले काय दिसलं?"

"वावधन दिसलं का नाही?"

"ते दिसलं."

"मंग करा सही!"

पाचवी सही नलूकाकूची. पेन हातात घेऊन तिनं माझ्याकडं पाह्यलं. "मिस्त्री, तुमची चूक नाही म्हणून लिहिलं ना यात?"

"हाव काकू. नाहीच तर!" मी दुसरीकडं पाहत म्हटलं. तिनं हात पदराले पुसले आन सही केली.

महिन्याच्या आत कंपनीचं पत्र आलं. चहाच्या टपरीवरच फोडलं. पहिलीच ओळ, 'सदर घटनेत विमाधारकाची कोणतीही चूक अथवा निष्काळजीपणा आढळून आलेला नाही.'

अशी छाती फुगली माझी! "पाहा बे! कंपनीनं लिहून देल्लं! मिस्त्रीची चूक नाही! चहा सांगा सगळ्याइले!" दहा-बारा जणांचा चहा झाला. एक जण तर म्हणे, मिस्त्री, फ्रेम करून लावा.

गुरुजीनं पत्र घेतलं, चष्मा चढवला. "मिस्त्री, खाली आणखी एक ओळ हाय."

"वाचा ना! जोरात वाचा!"

"'सबब, विमाधारकावर भरपाईची जबाबदारी येत नसल्याने दावा नामंजूर करण्यात येत आहे.'"

 तोंडातला चहा लोकाइनं गिळला का नाही, कोण जाणे.

गजूले फोन लावला आन आईबापावरून सुरुवात केली. पण तो माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडला, "अहो मिस्त्री, तुमची चूक असन तरच कंपनी देते! चुकीसाठीच असते हा विमा! वाऱ्यानं पडलं तर तुम्ही कशाले भरून द्या, आन तुमच्या बदल्यात कंपनी कशाले देईन? अर्धा घंटा काय भजन म्हणत होतो का मी?"

लगेच सर्व्हेअर साहेबाले फोन. "साहेब, माझी चूक होती. दोर मीच बांधला नाही. खरं सांगून राह्यलो."

"मिस्त्री, तुमच्या निर्दोषपणावर पाच जणांच्या सह्या आहेत. नुकसान झालेल्या बाईंचीसुद्धा आहे. आता पैशासाठी खोटं बोलू नका. फाइल बंद झाली."

खोटं! अरे, तोंडातून पहिल्यांदा खरं निघालं, तर ते खोटं! जवा लबाडी केली तवा अकोल्यापर्यंत सगळ्याइले पटली!

शेड तर मी पहिल्याच आठवड्यात उभं करून देल्लं होतं. पण मशीनचं काय? नवी मी पुढच्या होळीपर्यंत आणून देणार, तसा शब्द देल्ला. तवर काकूनं जुनी हाताची मशीन काढली, बाकड्यावर आवळायची. आन हँडल कोण फिरवते? हे काय, तुमच्यासमोर बसला तो! रोज सकाळी सहा ते नऊ, मंग कामावर. सव्वीस वर्षं थापी धरलेला हात, शेवया पाडून राह्यला. रांगेतल्या बाया येता-जाता म्हणतात, "बिचाऱ्याची काही चूक नाही, तरी किती करते!" हे रोज ऐकायचं! रोज!

परवा सटकलंच माझं. हँडल सोडलं आन ओरडलो, "चूक माझीच हाय! दोर मीच बांधला नाही! माझं चुकलं!"

 मंग एका म्हातारीनं डोळ्याले पदर लावला आन बाजूवालीले म्हणे, "पाह्य वं माय, काय मन हाय या माणसाचं! वाऱ्याची चूक सोतावर घेऊन राह्यला!"

मी नलूकाकूकडं पाह्यलं. काकूनं नुसतं बोट वर केलं. शेवयावर ऊन लागू नये म्हणून आडवी साडी बांधलेली होती, आन ती साडी ज्या दोरावर ताणली होती, तो निळा दोर माझाच! महिनाभर मी त्याच्याच खाली बसून हँडल फिरवून राह्यलो होतो.

"त्याच दिवशी विटांखालून काढला, गुंडाळलेलाच," काकू हळूच म्हणे. "साहेबाले दिसला तर तुमच्यावर आळ येईन म्हणून लपवून ठेवला होता. फिरवा आता मिस्त्री, शेवया तुटून राह्यल्या."