जल्लादाची सासू

बंटी मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट, आणि बाकी सगळा कारभार काळा. त्यानं डोंबिवलीत 'महाफाइट' नावाचा खेळ काढला. टीव्हीवर दाखवतात तसली कुस्ती. दोऱ्यांचा चौकोन, भडक चड्ड्या, आधी ठरवलेले डाव आणि आधी ठरवलेला विजेता. मानपाडा रोडला एक लग्नाचं लॉन आहे, चातुर्मासात लग्नं नसतात म्हणून ते ओस पडतं. तिथे पत्र्याच्या मांडवाखाली दर रविवारी संध्याकाळी हा प्रकार चालायचा. खुर्च्यांवर सॅटिनचे बो तसेच, कमानीवर आदल्या लग्नातली प्लॅस्टिकची फुलं तशीच, आणि नवरानवरीच्या जागी दोन दांडगे बाप्ये एकमेकांच्या उरावर.

मी तिथला निवेदक. हळदी, गावच्या क्रिकेट टुर्नामेंट, दहीहंड्या, कुठल्याही फालतू नगरसेवकाचा वाढदिवस, माईक हातात दिला की मी बोलतो. मला ना कुस्तीचं प्रेम, ना बंटीचं. पोट आहे, म्हणून बोलतो.

बंटीचा सिद्धान्त असा, की माणूस नावाला तिकीट काढतो. म्हणून त्यानं नावं आणली. आधी 'कोकणचा वाघ' आणला. केसांना जेल, पोटावर सहा वड्या. त्याच्याबरोबर फोटो काढायला झुंबड, तिकीट काढायला कुत्रं नाही. मग हरियाणातून सात फुटी राक्षस आणला. त्याला लोकांनी बाहेर वडापावच्या गाडीवरच फुकटात बघून घेतलं आणि घरी गेले. मग टीव्हीवर कधीकाळी दिसलेला एक म्हातारा पहिलवान गॉगल लावून आला, हात हलवला आणि गाडीत बसून गेला. नाव मोठं, लक्षण खोटं. खुर्च्या रिकाम्याच. बंटी फ्लेक्स मात्र मोठा मोठा करत गेला.

आमचा खलनायक होता प्रीतम. मूळचा साताऱ्याकडचा, टिटवाळ्याला वाढलेला, लहानपणी तालमीत खरी माती खाल्लेला. इथे त्याचं नाव 'जल्लाद'. तोंडाला काजळी, कमरेला साखळ्या. लोकांनी त्याला शिव्या घालाव्यात याचेच त्याला पैसे. पण तिकीट काढून आलेला डोंबिवलीकर शिव्या घालत नाही, तो मोबाईल काढून शूटिंग करतो. प्रीतम साखळ्या वाजवत फिरायचा आणि लोक पॉपकॉर्न खायचे.

गणपती गेल्यानंतरच्या रविवारी तो असाच साखळ्या वाजवत असताना तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

"आरं मेल्या, तोंडाला कालं कनाला फासलंस? तुजं तोंड आदीच कालं हाय!"

साठीची बाई. अंगावर लुगडं, हातभर हिरव्या बांगड्या, उभी राहून बोट नाचवत होती. लोक हसले. ती थांबली नाही.

"माजी पोर हास्पिटलान मरत व्हती तवा तू कुठं नाचत व्हतास? आँ? सांग सगल्यांना! तिना पानी पाजायला नवरा नव्हता! पेटवून झाल्यावर आलास, बूट घालून आलास घरान!"

मांडवात शिट्ट्या. प्रीतम दोरीला धरून नुसता उभा. पुढचा डावसुद्धा विसरला. लोकांना वाटलं, काय अॅक्टिंग करतोय!

मी तिला ओळखलं. ती मानपाड्यामागच्या जुन्या गावातली मंजुळामावशी. माझ्या गावाला लागून तिचं गाव. तिची एकुलती मुलगी माया हिनं या प्रीतमशी लग्न केलं होतं. दोन वर्षांपूर्वी माया काविळीनं गेली. ती अखेरचा श्वास घेत होती तेव्हा प्रीतम पुण्याला कुठल्या तरी शोमध्ये उड्या मारत होता, हे खरं. तेराव्यानंतर तो सात वर्षांच्या सान्वीला उचलून टिटवाळ्याला आपल्या आईकडे घेऊन गेला, हेही खरं. मावशी दोनदा टिटवाळ्याला गेली, दार उघडलं नाही. पोलीस म्हणाले, मूल बापाकडे आहे, आम्ही काय करणार? भावकी म्हणाली, जाऊ दे. मावशीला या जगात एकच गोष्ट हवी होती, सान्वी. ती कुणी देईना, आणि मावशीचं ऐकून घेणारंही कुणी नव्हतं. इथे मात्र तिकीट काढलं की समोर जावई आणि भोवती ऐकणारी पाच-पन्नास माणसं.

पुढच्या रविवारी ती परत आली. त्याच्या पुढच्याही. आणि गर्दी वाढत गेली. माझा नंबर फ्लेक्सवर होता, म्हणून फोन मला यायचे. वाघाबद्दल कुणी विचारत नव्हतं, राक्षसाबद्दल नाही. सगळे एकच विचारायचे, "ती शिव्या देणारी आजी आहे ना आज?" कल्याणहून लोक आले, ठाण्याहून, खोपटहून बायकांचा अख्खा भिशी ग्रुप आला. मावशी माया कशी गेली ते सांगायची, कावीळ डोळ्यांत कशी उतरली ते सांगायची, आणि लोक मांडीवर थाप मारून हसायचे. एका म्हातारीचा जीव तळतळतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. मला त्या गर्दीची किळस यायची. खोटी बुक्की बसली की ही माणसं "अरेरे" करायची.

बंटीला कळलं की माल कुठे आहे. मग त्याला सुचून सुचून काय सुचावं? आपल्याकडे एखाद्या माणसाचं काय करावं ते कळलं नाही की त्याचा सत्कार करतात. दसऱ्यानंतरच्या रविवारी बंटीनं मावशीचा फोटो फ्लेक्सवर छापला, खाली 'प्रमुख आकर्षण', आणि मला सांगितलं, "धनेश, आजीला वर बोलव, शाल-श्रीफळ द्यायचंय. प्रीतमच्या हातून देऊ, मजा येईल."

"बंटी, डोकं फिरलंय का? ती त्याची खरी सासू आहे."

"मग तर सोन्याहून पिवळं!"

मावशी वर आली. का आली, देव जाणे. प्रीतमनं काजळी फासल्या तोंडानं तिला शाल पांघरली, हातात नारळ ठेवला. मावशीनं नारळाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि होता नव्हता तेवढा जोर लावून तो नारळ त्याच्या खांद्यावर हाणला. हाडावर नारळ आपटल्याचा आवाज मी जवळून ऐकला. प्रीतम कळवळून खाली बसला. मांडव नाचायला लागला. मागून एक जण ओरडला, "रबराचा आहे रे, रबराचा!"

प्रीतम उठला आणि पाया पडल्यासारखा तिच्यापुढे वाकला. मी तबक धरून शेजारीच उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं. तो हळूच म्हणाला, "आई, अजून मारा. तुमच्यामुळे माझा रेट डबल झालाय. सान्वीला नवी सायकल घेतली त्यातनं."

मावशीचा हात तिथेच थांबला. महिनाभर ती ज्याला तळतळाट देत होती, त्याचं तिच्या तळतळाटावर बरं चाललं होतं. शाल तिथेच टाकून ती खाली उतरली.

पुढच्या रविवारी ती आली, तिसऱ्या रांगेत बसली आणि तोंडातून ब्र काढला नाही. लोक ओरडले, "आजी, बोला ना!" प्रीतमनं साखळ्या आपटल्या, मुद्दाम तिच्यासमोर येऊन वाकुल्या दाखवल्या. मावशी दगड. तासाभरात "पैसे परत" सुरू झालं. त्याच्या पुढच्या रविवारी खुर्च्यांवर पुन्हा नुसते सॅटिनचे बो.

बंटी माझ्यावर खेकसला, "लोकांना झालं काय? हीरो तेच, फाइट तीच!"

मीही ऐकून घेणारा नव्हतो. "तुझी फाइट कुणी बघतच नव्हतं. ते एका बाईचा आक्रोश ऐकायला यायचे, आणि तो त्यांना विनोद वाटायचा. तुलाही."

त्याच्या डोक्यात यातलं अर्धंच शिरलं, धंद्याचं तेवढं. दुसऱ्या दिवशी मला घेऊन तो मावशीच्या घरी गेला. चारी बाजूंनी टॉवर, मध्ये तिचं कौलारू घर. ओट्यावर बसून ती सुकट निवडत होती. बंटीनं पगार देऊ केला, वरून साडी. मावशीनं मान वर केली नाही.

"मना तुजं पैसं नको. माजी सान्वी मना आनून दे. मंग बोलन."

बंटीनं तिथल्या तिथे प्रीतमला फोन लावला. प्रीतम आधी तडकला. मग बंटीनं काम बंद करायची धमकी दिली, तसा नरमला. शेवटी म्हणाला, "दिवाळीच्या सुट्टीत पाठवतो. सुट्टी संपल्यावर तिला विचारू. ती स्वतःच्या तोंडानं आजीकडे राहते म्हणाली तर राहू दे. पण रविवारी आई बोलल्या पाहिजेत."

नातवंडाचा असा सौदा मी कधी बघितला नव्हता. मावशीला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिचे डोळे भरले. "राहील माजी पोर. राहनार नाय तं जाईल कुठं?"

सान्वी आली. नऊ वर्षांची, चेहरा हुबेहूब मायाचा. मावशीनं तिच्यासाठी करंज्या केल्या, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, मायाचे शाळेतले फोटो काढून दाखवले. पोरगी खायची, फोटो बघायची, आजीच्या कुशीत झोपायची. सगळं सरळ झालं असतं. पण संध्याकाळी बापाचा फोन आला की पोरगी उड्या मारायची. "बाबा, तुला लागलं नाही ना? बाबा, तू मला दंडावर कधी लटकवणार?" प्रीतमला मी कितीही नावं ठेवली तरी त्या पोरीचा त्याच्यावर जीव होता, आणि त्याचा तिच्यावर. मावशीला नेमकं तेच सोसवायचं नाही. फोन ठेवला की ती सुरू. "बोललीस त्या मुडद्याशी? तुजे आयशीला खाल्लान त्यानं!" पोरगी करंजी तशीच ताटात ठेवायची. मी एकदा दारावरून जाताना हे ऐकलं आणि आत जाऊन म्हटलं, "मावशी, पोर हातची जाईल. जिभेला जरा आवर घाला."

"तू भाड्याचा भोंगा, तुना काय कलतं?" मावशी म्हणाली.

रविवारी ती सान्वीला घेऊन लॉनवर आली. टिटवाळ्याच्या आजीनं पोरीला हा खेळ कधी बघू दिला नव्हता. मी आडवा गेलो. "पोरीला घेऊन नका बसू. माझ्या बहिणीकडे सोडतो."

"नाय. आयकू दे तिना. तिची आय कशी गेली ते तिना कोन सांगनार? बाप सांगनार?"

आजी पुन्हा बोलणार ही बातमी शहरभर झाली होती. मांडव तुडुंब भरला, लोक कमानीखाली उभे. प्रीतम काजळी फासून आला, त्यानं तिसऱ्या रांगेत आजीशेजारी आपली पोरगी बघितली आणि त्याची चाल बिघडली. तो बंटीला खुणेनं नाही नाही म्हणत होता. बंटीनं मान फिरवली.

मावशी उभी राहिली. तशी ती आधी कधी बोलली नव्हती. मायाचे पिवळे डोळे, सुकलेले ओठ, "प्रीतम आला का?" असं विचारत विचारत गेलेली रात्र, सगळं तिनं काढलं. मग त्याच्याकडे बोट करून म्हणाली, "तुजी पन तशीच गत व्हवो! तू तरफरून मर, आन् पानी पाजायला तुना कोन नको!"

सान्वी सॅटिनच्या खुर्चीवर चढली. आधी मला वाटलं, घाबरून रडतेय.

"गप बस!" ती किंचाळली. बापाला नाही, आजीला. "खोटारडी! माझ्या बाबाला मर नको म्हणूस! तूच मर! आई मेली, मग तू का नाही मेलीस? मर ना! मर!"

मग अशा टाळ्या पडल्या की पत्रे वाजायला लागले. लोक खुर्च्यांवर चढले, शिट्ट्या, मोबाईल, "एक नंबर!", "वन्स मोअर!" बंटी धावत माझ्याकडे आला. "माईक दे पोरीला, माईक दे!" मी माईक बंद करून खिशात घातला. त्यानं मला आईवरून शिवी दिली, मी त्याला बापावरून दिली.

प्रीतम दोऱ्यांखालून खाली आला. पोरगी त्याच्या गळ्यात पडली, तिच्या फ्रॉकला काजळी लागली. तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं, त्याला शिव्या घालणं सोपं गेलं असतं. तो हसला नाही. सासूकडे बघण्याचीही त्याची हिंमत झाली नाही. तो पोरीला उचलून मागच्या दारानं निघून गेला. सुट्टी संपायची होती, पण पोरीला आता काही विचारायचं उरलं नव्हतं.

मावशी उभीच होती. मग पदर सावरून गर्दीतून बाहेर निघाली. लोक वाट देत होते, कुणी सेल्फी मागत होतं. दाराशी खोपटच्या भिशीतल्या एका बाईनं तिचे दोन्ही हात धरले. बाईच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं.

"आजी, कमाल केलीत हो! एवढ्याशा पोरीला काय मस्त शिकवलंय! तुम्हीच शिकवलं ना?"

मावशीनं तिच्याकडे बघितलं.

"हां," ती म्हणाली. "मीच शिकवलं."