उजव्या कानशिलातली मुकी शीर

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, चाळीस वर्षं बायकांच्या सलूनमध्ये डोक्याला मालिश करतात. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की आधी दोन्ही कानशिलांवर बोटं ठेवून थांबायचं, दोन्हीकडच्या शिरा सारख्या उडताहेत ना ते बघायचं आणि मगच तेलाला हात लावायचा, ही त्यांची पद्धत. मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या शिरा एकाच वेळी दाबायच्या नाहीत, हा दुसरा नियम. एका बाईंनी "दाबा हो जोरात" म्हणून हट्ट धरला, तर त्यांना तेलकट केसांनिशी उठवलं होतं.

गेल्या महिन्यापासून वन्संचंच डोकं दुखायला लागलं. फणी लागली तरी कळ यायची. चार घास चावले की जबडा भरून यायचा. डॉक्टरांनी दोनदा दुखण्याच्या गोळ्या दिल्या, वर वयाचं कारण सांगितलं. मीही म्हटलं, देवावर भार टाका आणि जरा पडून राहा.

"वहिनी, देवानं बोटं दिलीत ती काय नुसती जोडायला?"

मला लागलं ते, खोटं कशाला लिहू.

मंगळवारी सकाळी चहा गाळताना त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं झालं, दोन-तीन मिनिटांनी गेलं. त्यांनी गॅस बंद केला आणि चपला घातल्या. मी देवाचं नाव घेत मागोमाग.

डॉक्टर माझ्या धाकट्याच्या वयाचे. पडद्याचं ऐकून घ्यायच्या आधीच मान खाली घालून त्याच गोळ्या लिहायला लागले. वन्संनी त्यांचा पेनाचा हातच धरला. मी मागून पदर ओढतेय, पण ऐकतंय कोण! डॉक्टरांची बोटं वन्संनी आधी स्वतःच्या डाव्या कानशिलावर टेकवली, मग उजव्या.

"ही उडतेय. ही उडत नाही, दोरीसारखी कडक झालीय. बघा, मग लिहा."

बाहेर रांग आहे, असं डॉक्टर म्हणाले.

"असू दे. मी उठत नाही."

डॉक्टरांनी मग स्वतःहून पुन्हा बोटं फिरवली. जबड्याचं विचारलं, डोळ्याचं विचारलं आणि त्यांचा चेहरा उतरला. डोक्याच्या रक्तवाहिन्यांना सूज आली होती. तीच सूज डोळ्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत वाढली असती तर नजर कायमची गेली असती. दुपारच्या आत मोठ्या रुग्णालयात इंजेक्शन सुरू झालं. शिरेचा तुकडा तपासायला नंतर काढला.

पडदा पुन्हा आला नाही. आज डॉक्टरांनी सांगितलं, औषध दीड-दोन वर्षं चालेल, तोंड सुजेल, आणि कामाचं तूर्त विसरा.

"कामाचं मी विचारलेलं नाही," वन्सं म्हणाल्या. "आणि तोंड सुजू दे. मला ते आरशात दिसेल तरी."