तळघरातली नावांची यादी

तो प्रकार आठवला की आजही थोडे अवघडल्यासारखे होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. म्हणूनही असेल, पण माणसापेक्षा कागदावर माझा जास्त विश्वास असायचा.

निवृत्तीपूर्वीची दोन वर्षे मी हेगमध्ये एका राजदूतांच्या निवासस्थानी सुरक्षा अधिकारी होतो. एका जहाज व्यापाऱ्याने बांधलेली ती जुनी हवेली. एका सकाळी ड्रायव्हरने खबर दिली, की आचारी कसली तरी नावे आणि तारखा उतरवून घेतो आणि मागच्या फाटकाशी एका डच बाईला भेटतो. नोंदवहीत त्या भेटींची एकही नोंद नव्हती.

आचाऱ्याच्या खोलीच्या झडतीत एक पिवळा पडलेला तक्ता मिळाला. बारा महिने, तारखांपुढे डच नावे, वर्ष कुठेच नाही. तळघरातल्या संडासाची फळी दुरुस्तीसाठी काढली, तिच्यामागे तो होता, असे आचाऱ्याने सांगितले.

"कसल्या तारखा?"

"वाढदिवस आहेत, साहेब."

"संडासात वाढदिवस? मला शिकवतोस?"

 बाईबद्दल तर तो एक शब्द बोलेना. त्याला परत पाठवावे, असा अहवाल मी तयार केला. त्याची मुलगी इथल्या शाळेत नुकती कुठे रुळत होती, हे मला ठाऊक होते.

सही करायच्या आधी स्थानिक पोलीस अधिकारी नेहमीच्या भेटीला आले. तक्ता पाहून ते हसायलाच लागले. इथे घरोघरी वाढदिवसांचे कॅलेंडर संडासातच टांगतात, रोज नजरेस पडावे म्हणून. दरवर्षी तेच चालते, म्हणून वर्ष नसते. आमच्या घरच्या कॅलेंडरात तुमची तारीख लिहू का, असेही त्यांनी विचारले.

मग आचारी बोलला. ती बाई जवळच्याच फोरबर्ग गावची, ऐंशी ओलांडलेली. तिची आई या हवेलीत कामाला होती आणि दोघी तळघरात राहत. पुढे व्यापाऱ्याच्या वारसांनी घर विकले, ते राजदूतांचे निवासस्थान झाले आणि तिच्यासाठी फाटक बंद झाले.

"माझं नाव अजून आहे का, एवढंच ती विचारत होती, साहेब. म्हणून नावं उतरवून तिला दाखवायचो. नोंद केली असती तर तुम्ही तिलाही असंच बसवून विचारलं असतं."

तिचे नाव मार्चमध्ये होते.

अहवाल मी फाडला. नव्या अहवालात चौकशीतली चूक माझी असल्याचे नमूद केले. नोंद न केल्याबद्दल आचाऱ्याला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. मार्चमध्ये परवानगी काढून बाईंना मीच आत आणले. तळघराच्या पायऱ्या त्या आचाऱ्याचा हात धरून उतरल्या.

खोटे पकडायला मी नोकरीभर शिकलो. समोरच्याने पहिल्याच उत्तरात खरे सांगितलेले असू शकते, हे त्या आचाऱ्याने शिकवले. उशिरा का होईना, शिकलो.