पट्टा मी आवळला होता

१९५४ साली मी नाईक होतो आणि आमची पलटण नागपूरला होती. रिक्रूटांना पाणी ओलांडायला शिकवणं हे माझं काम. रविवारी सुटी असली की सिपाही केशव आणि मी सायकलींवरून हिंगण्याकडच्या नाल्यांवर गळ टाकायला जायचो. केशव उमरेडच्या कोष्ट्याचा मुलगा. सुताचा कसलाही गुंता त्याच्या बोटांपुढे टिकायचा नाही.

नाल्याकाठी दिवसभर चालायचं, म्हणून सामान आम्ही पलटणीच्या शिस्तीत लावायचो. डाव्या पाऊचमध्ये गळ, उजव्यात शिसं, गांडुळांचा डबा पिट्टूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, सगळ्यात वर. काठीचे तीन तुकडे आणि जाळ्याची गुंडाळी पाठीवर उभी. खरं सांगायचं तर मासे धरण्यापेक्षा सामान बांधण्यातच आमची अर्धी हौस फिटायची.

सप्टेंबरातल्या त्या रविवारी सकाळी आठला नाल्यावर पोचलो. डोक्यावर ऊन होतं, पण पश्चिमेला आभाळ काळंकुट्ट. दहापर्यंत एकही मासा लागला नाही. बेडूकसुद्धा गप्प होते. मला ते आवडलं नाही. पण हात हलवत परत जाणं त्याहून आवडत नव्हतं.

साडेदहाला पलीकडच्या डोहावर जायचं ठरलं. पाणी गुडघाभर. केशवच्या पाठीवर काठ्या खडखडत होत्या.

"आवाज बंद कर. मासे पळतील."

"बांधल्या त होत्या, नाईकसाब. ढिल्या होऊन राहिल्या."

गस्तीला निघताना करतात तसा मी त्याचा कमरेचा पट्टा करकचून आवळला. खांद्याचे बंद छातीवर आडव्या दोरीने गाठले. पाण्यात उतरताना पट्टा सोडायचा, पिट्टू एकाच खांद्यावर घ्यायचा, हे मी दर आठवड्याला रिक्रूटांकडून ओरडून वदवून घेत असे. गुडघाभर पाण्यासाठी मला ते आठवलं नाही.

"लय आवळलं, नाईकसाब."

"उडी मारून बघ. वाजतंय?"

"नाही."

"चल."

मी पुढे झालो. पलीकडे चढून मागे वळलो, तर पाणी मातीने लाल झालेलं. वरून पालापाचोळा आला, मागोमाग अख्खी झुडपं.

"केशव, पळ!"

तो मधोमध होता. पाणी कमरेला आलं, लगेच छातीला. पाठीवरच्या काठ्या वाहून आलेल्या बाभळीत अडकल्या.

"सामान टाक!"

"सुटून नाही राहिलं!"

त्याचे दोन्ही हात छातीवरच्या गाठीशी होते. मी दोनदा उडी मारली. दोन्ही वेळा पाण्याने मला काठावर आपटलं. अकराच्या आत सगळं संपलं.

दुपारी तीनला पाणी उतरलं. तो बाभळीखालीच होता. गाठ मला चाकूने कापावी लागली.

चौकशीत मी सगळं सांगितलं. कागदावर 'अपघात' लिहिलं गेलं. नंतर उमरेडला गेलो आणि मागावर बसलेल्या त्याच्या वडिलांनाही सांगितलं. त्यांचा हात धोट्यावर थांबला. म्हणाले, "मले सांगतलं, बस झालं. त्याच्या मायले हे सांगू नोका. तुम्ही उडी मारली, तेवढंच सांगा."

तेवढंच सांगितलं. तिने मला जेवू घातलं. त्यानंतर दरवर्षी मी त्या घरी जेवलो. ताट वाढता वाढता ती दरवर्षी विचारायची, "त्याले त चांगलं पोहता येत होतं. मंग काहून बुडला गा?"

"पाणी फार होतं, माय."

गेल्या वर्षी माय गेली. पाणी फार होतं, हे खोटं नाही. पण मी ती गाठ मारली नसती, तर केशव पोहून बाहेर आला असता.